विश्लेषण : अणुभट्टी बंद केली तरी तिला पाणी का लागते?

2013च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. 2015मध्ये पुन्हा तीच वेळ आली. विजेचे नुकसान झाले, पण कोळसा जाळणे थांबवले की बॉयलर थंड होतो आणि विषय संपतो. अणुभट्टीचा विषय नेमका तिथून सुरू होतो. कालव्यांच्या भरवशावर अणुवीज केंद्रे उभी राहत असताना हा फरक जवळा बाजारसारख्या, पूर्णा प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांनीही समजून घ्यायला हवा.

(हिंगोली जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथील लायगो-इंडिया प्रकल्प अणुऊर्जा विभागाचा असला, तरी ती गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आहे. तिथे अणुभट्टी नाही.)

बंद भट्टी किती तापते?

भट्टी बंद केल्यावर अणुविखंडन थांबते. मात्र इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे 6 ते 7 टक्के असते, दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या भट्टीत वीजनिर्मितीच्या तिपटीहून जास्त, म्हणजे सुमारे 1,700 मेगावॅट उष्णता तयार होते. तिचा अर्धा टक्का म्हणजे 8 मेगावॅटहून अधिक. एवढी उष्णता नुसते पाणी उकळवून बाहेर काढायची, तर ढोबळ हिशेबाने तासाला 11 ते 12 हजार लिटर पाणी लागेल. मराठवाड्याच्या भाषेत, दर तासाला एक मोठा टँकर. रात्रंदिवस, आणि तेही भट्टी बंद असताना. ही गरज पुढे कमी होत जाते, पण लगेच संपत नाही.

समुद्र समोर असूनही?

11 मार्च 2011 रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंपानंतर चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. सुमारे पाऊण तासाने आलेल्या त्सुनामीने समुद्राचे पाणी उपसणारे पंप निकामी केले आणि बहुतेक जनरेटर बुडवले. समोर अख्खा प्रशांत महासागर होता, पण त्यातले पाणी भट्टीपर्यंत न्यायला वीज नव्हती. तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. म्हणून सुरक्षा तपासताना पाणी किती आहे यापेक्षा वीज, पंप आणि नळ यांपैकी काहीच चालले नाही तर ते पोहोचेल कसे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

आपल्याकडे असा प्रसंग आला होता का?

आला होता, आणि फुकुशिमाच्या 18 वर्षे आधी. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे 17 तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्यासाठीचे डिझेल पंप लावून स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडले, म्हणून निभावले. पुढच्याच वर्षी, जून 1994मध्ये, गुजरातमधील काक्रापार येथे उलटा प्रकार झाला. अतिवृष्टीत मोतीचेर तलाव फुगला आणि पाणी टर्बाइन इमारतीत शिरले. याच तलावातून या केंद्राला थंड करण्यासाठी पाणी मिळते.

तपासणी कोण करते?

1983मध्ये स्थापन झालेले, मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ. केंद्रांचा सर्वंकष सुरक्षा आढावा दर 10 वर्षांनी होतो. फुकुशिमानंतर मंडळाच्या समितीने देशातील सर्व केंद्रे नव्याने तपासली. बाहेरून पाणी सोडता येईल अशा जोडण्या, फिरते डिझेल पंप आणि जनरेटर अशा सुधारणा त्यातून आल्या. नरोरातली धावपळ आता आराखड्यात बसवली गेली, हे चांगलेच झाले.

खटकते ते वेगळेच. ज्या अणुऊर्जा आयोगाला हे मंडळ उत्तरदायी, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात. सरकारी वीज केंद्रे चालवणारी कंपनीही याच विभागाखाली येते. मंडळाला पुरेसा कायदेशीर अधिकार नाही, यावर ‘कॅग’ने 2012मध्येच बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे 2011चे विधेयक संसदेत रखडले आणि बारगळले. डिसेंबर 2025मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ विधेयकाने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा देऊ केला. त्याच विधेयकाने खासगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्र खुले केले. म्हणजे तपासणीचे काम वाढणार आहे.

कालव्यावरच्या केंद्रांचे काय?

हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात गोरखपूर येथे 700 मेगावॅटच्या चार भट्ट्यांचा प्रकल्प आहे. त्याचे पाणी भाक्रा कालव्याच्या फतेहाबाद शाखेतून येणार. कालवा फुटतो, दुरुस्तीसाठी बंद राहतो, धरण मृतसाठ्यावर गेले की कोरडा पडतो. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे अशा प्रत्येक केंद्राच्या आवारात कालव्यावर अवलंबून नसलेला साठा किती दिवस पुरेल आणि टंचाईत पाटबंधारे खाते आधी कोणाचे पाणी तोडेल, हे दोन आकडे-निर्णय मंडळाने परवानगी देतानाच स्थानिक भाषेत जाहीर करायला हवेत. पाणीपाळी पुढे ढकलली, तर पीक काही दिवस तग धरते. तापलेल्या इंधनाला तेवढी मुभा नसते.