जकात दिली, पुढे काय?

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की आमच्या घरी कपाटातून एक निळी वही बाहेर निघते. कल्याणच्या दूधनाक्यावरचे थोरले घर, तरावीहनंतरची वेळ, मधोमध चहाची किटली आणि भोवती आम्ही पाच घरांची माणसे. कोणी ठाण्याच्या राबोडीहून आलेले, कोणी कौशाहून. पाचही घरांची जकात एकत्र करायची आणि वहीतल्या नावांना वाटायची, ही रीत आमच्या वालिदांनी घालून दिली. यंदा वहीत ४१ नावे होती आणि जमा रक्कम १ लाख ८६ हजार. प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार हजारांच्या आसपास.

एरवी हे तासाभराचे काम. यंदा मात्र सहरीची वेळ झाली तरी वही मिटली नाही.

सुरुवात एका फ्लॅटवरून झाली. आमच्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या खडकपाड्याकडे दुसरा फ्लॅट घेतला. कर्ज न काढता, रोख. भाव चढला की विकायचा, असे तेव्हा त्यानेच सांगितले होते. आता त्याची किंमत ४५ लाखांच्या घरात आहे. हिशेबात तो नव्हता. भाच्याने विचारले, "मामू, तो फ्लॅट धरला नाहीत?" भाऊ म्हणाला, "तो राहायला घेतलाय." कोणी काही बोलले नाही, पण सगळे हसले.

मसला तसा सरळ आहे. राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नाही; भाड्यातून जे शिल्लक राहील त्यावर आहे. पण विकून नफा कमवायच्या नियतीने घेतलेले घर हा व्यापाराचा माल. त्याच्या चालू बाजारभावावर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा. ४५ लाखांचे १ लाख १२ हजार ५००. दागिन्यांचे तसे नाही, तिथे मतभेद आहेत. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. बायकांच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही असे आमच्याकडे मानतात. आमची थोरली सून हनफी घरातली. ती हातातल्या बांगड्यांचीही जकात काढते. त्या रात्री तिने एवढेच म्हटले, "बांगड्यांची नियत बदलता येत नाही, फ्लॅटची बदलता येते वाटते."

भावाला ते लागले. तो चिडून म्हणाला, "मी पैसा गुंतवला म्हणून तर ती इमारत उभी राहिली. गवंड्याला काम मिळाले, सुताराला मिळाले, वॉचमनला मिळाले. ही जकात नाही का? पंचवीस वर्षांपूर्वी ठाण्यापासून कल्याणपर्यंत काय होते? आज मॉल आहेत, इस्पितळे आहेत, भिवंडीवरून मेट्रोचे खांब येताहेत. आधी भाकरी मोठी होऊ द्या, मग वाटायचे बघू."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कामधंदा वाढला नाही तर वाटायला येणार कुठून? इस्लामने व्यापाराला कमी लेखलेले नाही, आपले पैगंबर (स.) स्वतः व्यापार करीत असत. पण त्याच वेळी आमच्या बहिणीने वहीचे एक पान उघडून पुढे ठेवले. कौशातल्या एका बेवा बाईचे नाव. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलेले, आणि त्यानंतर दर वर्षी. रक्कम १,५०० पासून ४,५०० पर्यंत वाढत गेलेली. ती दुसऱ्याच्या मशीनवर बसून साड्यांना पिको-फॉल करते. बहीण म्हणाली, "बारा वर्षांत टॉवर किती उभे राहिले ते मोजा. आणि ही बाई कुठे आहे ते बघा. भाकरी मोठी झाली, तिच्या ताटात काय पडले? आणि आपण बारा वर्षे जकात दिली, तिचे काय झाले?"

प्रश्न दोघांना होता. वाढीवर भरवसा ठेवणाऱ्या भावाला, आणि जकात देऊन निर्धास्त झोपणाऱ्या आम्हांलाही.

संपत्तीचे वाटप हा आपल्याकडे काही परवाचा वाद नाही. सहाबींच्या काळातही तो झाला. हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांचे मत असे की गरजेपलीकडचे साठवून ठेवणे हेच चूक. इतर बहुतेक सहाबींचे आणि पुढच्या उलमांचे मत असे की जकात दिल्यावर उरलेला माल साठवणुकीच्या गुन्ह्यात मोडत नाही. अमीर मुआविया (रजि.) यांच्याशी अबू जर यांचा सीरियात खटका उडाला आणि अखेरचे दिवस त्यांनी रबजाच्या माळरानावर एकांतात काढले. उम्मतने बहुमताचे मत घेतले, तरी अबू जर यांचा आदर कधी कमी झाला नाही. कुरआनातही संपत्ती फक्त श्रीमंतांच्या हातांतच फिरत राहू नये, असा हेतू सूरह अल-हश्रमध्ये स्पष्ट आला आहे.

आपल्या भागाने हा वाद कायद्याच्या रूपात दोनदा अनुभवला. पहिल्यांदा शेतात. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. भिवंडीकडची आमची थोडी भातशेती त्यात गेली. दादा मरेपर्यंत ते दुःख उगाळीत राहिले. आम्हीही लहानपणी त्यांच्या बाजूनेच ऐकले. मोठेपणी कळले की त्या कुळाची मुले शिकली, एक तलाठी झाला, एक मुलगी शाळेत बाई झाली. एका पिढीत घेणारे घर देणारे झाले. आमचे गेले ते कुठेतरी उगवले, हे कबूल करायला आम्हांला चाळीस वर्षे लागली. आज त्या शेतावर गोदाम उभे आहे, हा भाग वेगळा.

दुसऱ्यांदा शहरात. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू असा की शहरातली मर्यादेपलीकडची मोकळी जमीन सरकारने घ्यावी आणि ती सामान्यांच्या घरांच्या कामी यावी. हेतू चांगला, पण सवलतीची कलमे आणि फायलींचे खेळ यांत तो विरून गेला. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला. जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगितले गेले. ठाण्यात घर शोधणाऱ्या कुठल्याही तरुण जोडप्याला त्याचे काय झाले ते विचारावे. ज्यांना परवडत नाही ते कुठे जातात? ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. ती माणसे तिथे हौसेने राहत नव्हती. आणि डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचे प्रकरण तर ताजे आहे. खोट्या परवानग्यांच्या आधारे रेरात नोंदणी झाली, लोकांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. घर जाणार, हप्ता राहणार. अशा एका कुटुंबाचे नाव आमच्या वहीत यंदा नव्याने आले आहे. चार वर्षांपूर्वी तेच गृहस्थ आपली जकात वाटायला यादी मागायला आले होते.

तेव्हा नुसत्या कायद्याने भागत नाही आणि नुसत्या बाजारानेही नाही. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात संपत्ती थोड्यांच्या हाती साचू नये, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच अनुच्छेदाचा अर्थ लावताना ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. हा खटलाही मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींपासूनच सुरू झालेला. आपला १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०२४ मध्ये ब्राझीलने जी-२० देशांपुढे अब्जाधीशांवर वर्षाला किमान २ टक्के कर लावायचा विचार मांडला, तर केवढी चर्चा झाली! भाचा म्हणाला, "जगातले अब्जाधीश दोन टक्क्यांना घाबरतात, आणि आपली भाभी बांगड्यांचे अडीच टक्के मुकाट्याने देते." मग स्वतःच पुढे म्हणाला, "पण मामू, ऑफिसात मी हे बोललो की लोक म्हणतात, धर्म घरात ठेव, पैशाच्या गोष्टीत आणू नकोस."

घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने आपल्याला धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदात धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला ठेवलेला आहे. दोन्ही ठीक आहे. पण आपण स्वतःला विचारले पाहिजे की आपला धर्म लोकांना दिसतो तो कशात? कमानीच्या रोषणाईत, चौकातल्या बॅनरवर, इफ्तारच्या पाकिटासोबत काढलेल्या फोटोत? फोटोत पाकीट देणारा हसतो आणि घेणारी बाई ओढणी पुढे ओढते. अजान आणि नमाज ही आपली ओळख आहेच. कुरआनात मात्र नमाजच्या हुकुमासोबत जकातीचा हुकूम वारंवार आला आहे. हिशेबाच्या वहीत दिसणारा दीन कोणाच्या कानाला टोचत नाही, आणि शेजाऱ्याला तोच आधी कळतो.

आता राहिली भाकरी मोठी होण्याची गोष्ट. तिला मर्यादा आहे की नाही? उत्तर शोधायला डोंबिवलीच्या पुढे जायला नको. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. त्या कारखान्यांचे उत्पादन देशाच्या वाढीत मोजले गेले असेल. श्वासात गेले ते कुठल्या खात्यावर लिहिले? वालधुनी नदीचा नाला झाला. उल्हास नदीचे पाणी आपण पितो आणि तीच जलपर्णीने भरून जाते. एका रिवायतीत येते की वजू करताना पाणी जास्त सांडू नका, असे पैगंबर (स.) यांनी हजरत सअद (रजि.) यांना बजावले. वजूतही इसराफ असतो का, असे त्यांनी विचारले, तर वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी असतो, असा जवाब मिळाला. नदी भरलेली असताना हात आखडायला सांगणारा दीन आपला. आपण नदी संपेपर्यंत थांबायला तयार नाही.

पहाटेचे साडेतीन वाजले. अखेर निळी वही पुन्हा पुढे ओढली. आमच्या शाफई मजहबात इमाम नववी यांनी लिहून ठेवले आहे की गरिबाला एवढे द्यावे की त्याची गरिबी जावी. कारागिराला हत्यारे, व्यापाऱ्याला भांडवल. सुनेने सांगितले की हनफी मजहबात एकाच माणसाला निसाबाएवढे देणे नापसंत मानतात, पण त्याच्यावर कर्ज असेल किंवा पाठीमागे कुटुंब असेल तर हरकत नाही. तेव्हा दोन्हीकडून वाट निघाली. यंदा जकात ४१ नावांत न वाटता तीन घरांना द्यायची. कौशातल्या त्या बाईला स्वतःची पिको मशीन आणि कपड्याचे भांडवल. एका मुलीची नर्सिंगची फी. आणि डोंबिवलीच्या त्या कुटुंबाला कर्ज आणि भाड्याची अनामत.

पण मग उरलेल्या ३८ जणांचे काय? त्यांचा ईदचा शिरखुर्मा आमच्या हिशेबासाठी थांबणार नाही. वाद तिथे सगळ्यांत कडू झाला. शेवटी ठरले की त्यांना जकातीतून नाही, आमच्या खिशातून सदका द्यायचा. घरटी ३५ हजार काढायचे. म्हणजे यंदा ईदचे नवे कपडे फक्त मुलांना, आणि मोहल्ल्यातली आमच्या नावाची इफ्तार दावत बंद. जकात हा तळ आहे, छत नव्हे. अडीच टक्के दिले म्हणून उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के आपल्या मर्जीचे झाले, असे नाही.

भाऊ बराच वेळ गप्प होता. उठता उठता त्याने पेन घेतले आणि जमेच्या बाजूला स्वतःच्या हाताने आकडा लिहिला : १,१२,५००. बेरीज झाली २ लाख ९८ हजार ५००. तीन घरांना प्रत्येकी ९९,५००. एवढेच म्हणाला, "नियत मलाच माहीत होती."

आम्ही वाचकांना उपदेश करायला हे लिहिलेले नाही. आमच्याच वहीत बारा वर्षे एक नाव तसेच राहिले, ही आमची शरम आहे. आमच्या तीन घरांनी ना डोंबिवलीची हवा सुधारेल, ना बेकायदा इमारती थांबतील. त्यासाठी कर, कायदा, महापालिका यांच्याकडे हक्काने मागावेच लागेल, आणि सगळ्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन मागावे लागेल. पण मागायला जाताना आपली वही साफ असावी. येत्या रमजानमध्ये आपल्या घरची वही उघडा. कोणते नाव किती वर्षे तिथे आहे ते मोजा. देणाऱ्याची जकात कबूल होवो आणि घेणाऱ्याचे नाव पुढच्या वर्षी देणाऱ्यांच्या पानावर जावो, आमीन.