चला, पाहू या! : काळी पाटी, पिवळी अक्षरे

बालमित्रांनो, परवा वर्गात एकाने विचारले, "बाई, विमानतळावर गाडी भाड्याने मिळते म्हणे. मग ती चालवतो कोण?" प्रश्न छान आहे. आणि गंमत म्हणजे, उत्तर गाडीच्या पाटीवरच असते!

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरची गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरकाका सोबत. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे दिसली, की ओळखा : गाडी भाड्याची, पण चालवायची आपली आपण. त्यासाठी लायसन्स हवे. बहुतेक ठिकाणी थोडी अनामत रक्कमही ठेवावी लागते.

गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती एक चक्कर मारायची. ओरखडा, पोचा दिसला तर फोटो काढायचा. किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा टिपून घ्यायचा. हे काम तुमचे बरं का! आईबाबा सामान ठेवतील, तुम्ही वही घेऊन मुनीम व्हा.

समजा, तुम्ही नागपूरला विमानाने उतरलात आणि अशी गाडी घेतलीत. लगेच वाशिमचा रस्ता धरायचा? छे! आधी शहरात जाऊ या. सोनेगावहून वर्धा रोडने सीताबर्डी, पुढे कॉटन मार्केट. नाव कापसाचे, बाजार भाजीचा! हे कसे झाले?

जवळच गांधीसागर तलाव आहे. या तलावालगत जमशेदजी टाटांनी कापडगिरणी उभारली. तेव्हा गिरण्या म्हणजे मुंबई, असेच सगळे समजत. पण टाटांनी हिशेब केला. कापूस इथे पिकतो, कोळसा जवळ आहे आणि १८६७ साली रेल्वेही आली आहे. मग कापूस दूर कशाला न्यायचा? जागा मात्र दलदलीची होती. मातीचा भराव घालावा लागला. एका सावकाराने कर्ज नाकारले. म्हणाला, हा माणूस सोने मातीत घालतो आहे! पुढे तोच म्हणाला, यांनी माती घालून सोने काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून नाव पडले 'एम्प्रेस मिल'.

या गिरणीत कामगारांसाठी १८८६ साली पेन्शन फंड निघाला. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. तसा सरकारी कायदा व्हायला १९२३ साल उजाडले! म्हणजे २८ वर्षांनी.

आज तिथे भोंगा वाजत नाही. या शतकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मॉलमध्ये आइस्क्रीम जरूर खा, पण तेवढ्यावर परतू नका. इमारत पडली तरी तिथे राबलेल्या माणसांची घरे याच शहरात आहेत. मोठ्यांना सोबत घ्या, आजूबाजूच्या एखाद्या आजोबांना विचारा, "तुम्ही गिरणीत होता का? पाळी किती वाजता सुरू व्हायची? गिरणी बंद झाल्यावर काय केलंत?" ही माहिती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते. गाडी आपल्या हातात असण्याचा खरा फायदा हाच. हवे तिथे थांबता येते, विचारता येते.

मग समृद्धी महामार्गाने घरी या. कारंज्याच्या आसपास शेतात पांढरी बोंडे दिसली, तर लक्षात ठेवा, याच पिकाच्या जोरावर नागपुरात गिरणी उभी राहिली होती.

या आठवड्याचा उद्योग : हिरव्या पाटीच्या गाड्या कोणत्या, ते शोधा. आणि घरच्या आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावचा कापूस पूर्वी कुठे जायचा? उत्तर वहीत लिहून ठेवा.

तुमच्या बाई