सोन्याची तबकडी आणि आजींची भूपाळी

अवकाशयानांवरून स्फूर्ती घेऊन मुलांनी घरी कलाकृती कराव्यात, ही हौस हल्ली वाढली आहे. पण पुष्कळ घरी बाजारातून आयता साचा आणून त्यावर चांदण्या डकवतात व त्यासच कला म्हणतात. आम्हांस हे रुचत नाही. गिरवावा असा खरा कित्ता १९७७ सालीच आकाशात गेला आहे.

'व्हॉयेजर' नामक दोन यानांवर कार्ल सेगन यांच्या मंडळाने एकेक ध्वनिमुद्रिका पाठविली. तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. शंभरावर चित्रे आहेत. झाकणावर कोरलेल्या रेघा १४ स्पंदमान ताऱ्यांच्या आधारे आपल्या सूर्याचा ठाव सांगतात. शिवाय तेथे युरेनियमचा बारीक थर आहे. तो साडेचार अब्ज वर्षांत निम्मा उरतो. म्हणून सापडणाऱ्यास तबकडीचे वय काढता यावे. धातू, रेघ, नाद आणि काळ, सारे एका वस्तूत! विष्णुधर्मोत्तरात मार्कंडेय वज्रराजास सांगतात की, नृत्यावाचून चित्र कळत नाही, वाद्यावाचून नृत्य नाही आणि गीतावाचून वाद्य नाही. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्या मुद्रिकेत गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरास बाई निवर्तल्या. २०१२ साली तो सूर सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून गेला.

हिंजवडीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरी मुलांनी गेल्या दिवाळीत अशीच तबकडी केली. पुठ्ठ्यावर तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर शाई संपलेल्या बॉलपेनने कोरलेल्या रेघा, मंगळासाठी गेरू, चंद्रासाठी चाळलेली राख. संगणकाच्या कचेऱ्यांचे ते गाव. तेव्हा पृथ्वीवरील नगरासाठी मोडक्या संगणकाची हिरवी सर्किट पाटी. (तिच्या डाखात शिसे असू शकते, ती तासू नये, जाळू तर मुळीच नये.)

अडले ते नादापाशी. सर्वांस आजींची पहाटेची भूपाळी हवी होती. शहाऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "गळा गेला रे माझा, आता कशाला ते?" थोरल्या नातवाने देवघराबाहेर लपवून फोन ठेवण्याची युक्ती काढली. घरात दोन तट पडले. आमचे मत विचारले, तेव्हा आम्ही स्पष्ट सांगितले: ज्याचा सूर त्याची संमती हवी; चोरून घेतलेली भूपाळी ठेव नव्हे. सूनबाई रागावल्या. "उद्या त्या नसल्या म्हणजे?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तरी फोन उचलला गेला आणि तबकडीचा मध्य रिकामा राहिला.

परवा आजींनीच धाकट्या नातीस विचारले, "यात कडवी किती मावतात गं?"