वजन की पाणी?

सुरतेत, उधन्यातल्या आमच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळाच्या टेबलावर गेल्या महिन्यात अग्निगोळे सोडणारी एक जादूची काठी तयार झाली. जादूगार खेळणाऱ्याने २,००० मोहरा वजा केल्या, मी दहा आठवडे कॅलेंडरवर खोडले आणि काठी त्याच्या कॅरॅक्टर शीटवर चढली. सगळा कारभार मिनिटभरात उरकला. आमच्यातला एक जण वराछ्यात हिऱ्यांच्या प्लॅनिंगला बसतो. तो म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं दहा सेंटचा हिरासुद्धा इतक्या बिनघोर निघत नाही."

तो बोलला ते मनात राहिले. हे संपादकीय त्यातूनच आले आहे.

जादूच्या वस्तू घडवण्याचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने अनेकदा बदलले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बाजारभावाच्या निम्मी रक्कम साहित्याला लागे आणि वर त्या भावाच्या पंचविसाव्या हिश्शाइतके एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जात. हा घाव खरा होता, पण वस्तू घडवणारा लेव्हलमध्ये मागे पडे आणि बाकीचे पुढे जात. २०१४च्या डीएमच्या (डाव चालवणाऱ्याच्या) पुस्तकाने रोज २५ मोहरांचे काम ठरवले. लेजेंडरी दर्जाच्या वस्तूला ५ लाख मोहरा, म्हणजे २०,००० दिवस, जवळपास ५५ वर्षे! दीर्घायुषी एल्फ असेल तर ठीक, माणसाला नातवाच्या हातूनच ती पुरी करावी लागेल. २०१७च्या 'झॅनाथार्स गाइड'ने हे ५० आठवडे आणि १ लाख मोहरांवर आणले. शिवाय वस्तूची कृती आणि एखाद्या राक्षसाशी भिडून मिळवायचा दुर्मीळ घटक मागितला. २०२४मध्ये त्या आठवड्यांचे कामाचे २५० दिवस झाले. आकडे माणसात आले, पण ही सगळी मुनिमाची वही आहे. कारागिराला त्यात ठरवायला काही नाही.

वराछा-कतारगामच्या कारखान्यात उलटे असते. कच्चा हिरा घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, चढण्याआधी त्याचे भवितव्य ठरलेले असते. मशीन दगडाच्या आतले डाग दाखवते आणि त्यातून काय काय निघू शकेल याचे पर्याय मांडते. गोल ब्रिलियंट काढताना निम्म्याहून अधिक वजन सहज जाते, तेव्हा काय घालवायचे हाच खरा प्रश्न. ९७ सेंटचा आणि १०० सेंटचा, म्हणजे एक कॅरेटचा हिरा नुसत्या डोळ्यांना सारखाच; पण एक कॅरेट गाठला की कॅरेटमागचा भावच वर चढतो. मग कंबर जाड आणि तळ खोल ठेवून वजन राखायचा मोह होतो. वजन राहते, पण घाट बिघडतो, उजेड खालून निसटतो आणि हिऱ्याचे पाणी उतरते. एकदा काप गेला की तो परत जोडता येत नाही.

आमच्या टेबलाचे नवे घरचे नियम यावरून आले आहेत. पुस्तकातले दिवस आणि मोहरा तशाच ठेवल्या. त्यात चार गोष्टी घातल्या.

एक, कच्चा माल. ड्रॅगनचे हाड असो की बुडालेल्या देवळातला दगड, डीएमने त्यात एक डाग गुपचूप लिहून ठेवायचा. तो आधी शोधायचा असेल तर जादा आठवडा द्यावा लागेल.

दोन, वजन की पाणी. खेळाडूने एकदाच ठरवायचे. वजन घेतले तर वस्तूची ताकद एक पायरी वर, पण डाग आत राहतो. पाणी घेतले तर ताकद पुस्तकातलीच, पण वस्तू निर्मळ. निवड मागे घेता येत नाही.

तीन, पूड. हिरा घासायला घंटीवर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड लागते. तसेच नव्या वस्तूसाठी एखादी जुनी जादूची वस्तू मोडावी लागेल. पोत्याच्या तळाशी पडलेल्या तीन-तीन जादूच्या अंगठ्यांचे काय करायचे, हा प्रश्नही त्यात सुटला.

चार, हात. घंटीभोवती कारागीर एकत्र बसतात, म्हणून टेबलावरच्या प्रत्येकाने एक काम उचलायचे आणि एक फासा टाकायचा. बाकीचे तिघे मोबाइल बघत बसण्याचा प्रकार थांबला. फासा उलटा पडला तरी दहा आठवडे पाण्यात जात नाहीत. कापताना दगड फुटला तर कारखान्यात त्याचे दोन लहान हिरे काढतात. आम्हीही मोठ्या वस्तूऐवजी दोन लहान देतो.

डाव लांबतो, अशी तक्रार येईल. आमच्याकडे या सगळ्याला वीस मिनिटे लागली. दाराच्या कुलपावर आपण याहून जास्त वेळ घालवतो. प्रत्येक औषधाच्या बाटलीला मात्र हे नियम लावू नका. कायमच्या वस्तूंपुरतेच ठेवा.

तुमच्या गावात हिरे नसतील, पण येवल्याला पैठणीचे माग आहेत, कोल्हापुरात चपला शिवणारे आहेत. कारागिराजवळ तासभर बसा आणि एकच विचारा: कोणती चूक पुन्हा दुरुस्त होत नाही? जे उत्तर मिळेल तोच तुमचा घरचा नियम.

ती काठी आम्ही नव्या नियमांनी पुन्हा घडवली. डाग शोधायला कोणी आठवडा दिला नाही आणि जादूगाराने वजन घेतले. आता दर तिसरा अग्निगोळा काठी धरणाऱ्याच्या बाहीलाही चाटून जातो. परवा भुयारात दोन गोळे सुटले, समोर राक्षस अजून उभा होता आणि चौघेही भांडत होते: तिसऱ्या वेळी काठी कोणी धरायची?