जोडा आणि पाऊल

जोडा निवडतात डोळे, आणि त्या निवडीचें फळ भोगतात पाय, असें आमचें नेहमींचें निरीक्षण आहे.

हल्लीं मुलींच्या पायांत ‘बॅलेरिना’ नांवाचा सपाट, बिनबंदांचा जोडा फार दिसतो. हा मूळचा नर्तकीचा जोडा. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील वेषरचनाकार क्लेअर मॅकार्डेल यांनीं त्यास टणक तळ लावून घेतला. १९५६ सालीं ब्रिजित बार्दो या फ्रेंच नटीसाठीं पॅरिसच्या रेपेटो पेढीनें रोजच्या वापराचा तसा जोडा केला, आणि त्याची चाल अधिकच पसरली.

त्यास उंच टाच नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु नर्तकी गुळगुळीत लाकडी भूमीवर नाचते. आमच्या विद्यार्थिनींस सडक व खडी तुडवावी लागते. पुठ्ठ्यासारखा पातळ तळ तेथें काय कामाचा? शिवाय जोड्यास बंद नसल्यामुळें तो सैल असल्यास निसटूं नये म्हणून बोटें आखडून धरावीं लागतात; घट्ट असल्यास फोड व घट्टे उठतात. म्हणून ‘पाय वाढता आहे, एक नंबर मोठाच घ्या’ ही पालकांची काटकसर येथें फसवी ठरते. वाढत्या पायास पट्ट्याचा जोडा बरा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तरीही हाच जोडा घेणें असेल, तर दुकानांत सायंकाळीं जावें. दिवसभरांत पाऊल किंचित् फुगतें. दोन्ही पावलें उभ्यानें मापावीं, आणि मोठ्या पावलास बसेल तो जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढें सुमारें एक सेंटिमीटर जागा असावी. जोडा चवड्यापाशीं वाकावा, मधोमध दुमडूं नये. चालतांना टाच निसटूं नये व मागची कड रुतूं नये. केवळ नंबरावर विसंबूं नये. निरनिराळ्या कारखान्यांचा एकच नंबर सारखा नसतो. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनासही भुलूं नये. चामडें थोडें रुंदावतें, पण आंखूड जोडा लांब होत नाहीं.

सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. वडिलांनीं पैसे खर्चून आणलेला जोडा लागतो असें म्हणणें मुलींस कृतघ्नपणाचें वाटतें, आणि त्या मुकाट्यानें लंगडतात. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. तें इतरांस कळावें कसें? विद्यार्थिनींनो, जोडा लागतो हें सांगण्यांत लाज नाहीं. आणि पालकहो, ‘आवडला का?’ असें विचारण्यापूर्वीं ‘चालून पाहिलेंस का?’ असें अवश्य विचारावें.