सिंहाची आयाळ हुबेहूब, पण चेहरा कोरा का?

डिसेंबर २०२४ मध्ये 'मुफासा: द लायन किंग' थिएटरमध्ये आला. त्यातले सिंह बनवण्याचं मुख्य काम एमपीसी या व्हीएफएक्स स्टुडिओचं. जेमतेम दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एमपीसीची पालक कंपनी टेक्निकलर कोसळली. बंगळुरू आणि मुंबईतली ऑफिसं बंद पडली, भारतातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनी बुडायला कर्जासकट बरीच कारणं होती. तिथे काम कमी पडलं म्हणून सिंह वाईट झाले, असं मात्र कुणी म्हणू शकत नाही. उलट ते जरा जास्तच खरे झाले होते. लहान मुलांच्या प्राणीकथांना एवढा खरेपणा लागतो का?

फर बनते कशी?

सिंहाच्या अंगावर लाखो केस असतात. प्रत्येक केस कुणी हाताने लावत बसत नाही. आर्टिस्ट ठरावीक 'गाइड' केस लावतो, त्यांची लांबी, वळण, दिशा ठरवतो आणि मधली जागा सॉफ्टवेअर भरतं. खाली हाडं, स्नायू आणि स्नायूंवरून सरकणारी कातडी यांचं सिम्युलेशन चालतं.

सगळ्यात महागडा भाग प्रकाशाचा. किरण एका केसावर पडतो, थोडा परततो, थोडा आत शिरून शेजारच्या केसावर जातो. हा सगळा प्रवास रेंडर करताना मोजावा लागतो. म्हणून एका फ्रेमला कित्येक तास लागू शकतात, आणि सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात.

२०१९ च्या 'द लायन किंग'मध्ये खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला शॉट फक्त एकच होता, सुरुवातीच्या सूर्योदयाचा. बाकीचे १,४९० शॉट कॉम्प्युटरवर बनले. ही माहिती खुद्द दिग्दर्शक जॉन फाव्हरो यांनीच दिली होती.

मग अडलं कुठे?

अडलं चेहऱ्यावर. आपण समोरच्याच्या भुवया, ओठ आणि डोळ्यांतला पांढरा भाग बघून त्याच्या मनातलं ओळखतो. खऱ्या सिंहाला आपल्यासारख्या भुवया नाहीत, डोळ्यांतला पांढरा भाग फारसा दिसत नाही, ओठही आपल्यासारखे वळत नाहीत. १९९४ च्या हाताने काढलेल्या 'लायन किंग'मध्ये स्कारला मस्त भुवया होत्या. २०१९ मध्ये "खरा सिंह जे करू शकत नाही ते दाखवायचं नाही" असा नियम पाळला गेला. मग बाप मेल्यावर रडणारा सिंबा आणि भूक लागलेला सिंबा जवळपास सारखेच दिसायला लागले.

हेच दिग्दर्शक आणि हाच स्टुडिओ २०१६ च्या 'द जंगल बुक'लाही होता. तो जास्त भिडला, कारण मोगली खरा मुलगा होता. जंगल कॉम्प्युटरमधलं, शूटिंग लॉस एंजेलिसमधलं, पण नील सेठीचा चेहरा खरा. बगीरा काय म्हणतोय हे आपण मोगलीच्या चेहऱ्यावर वाचत होतो.

अँडी सर्किस यांनी २०१८ च्या 'मोगली'मध्ये दुसरं टोक गाठलं. नटांच्या चेहऱ्याची ठेवण आणि हावभाव त्यांनी प्राण्यांच्या चेहऱ्यात मिसळले. फर खरी, नजर माणसाची. बघताना कुठेतरी विचित्र वाटत राहतं. यालाच 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात: आकृती खऱ्याच्या फार जवळ गेली, पण पूर्ण पोचली नाही, की मेंदू बिथरतो.

आता २०१४ चा 'पॅडिंग्टन' घ्या. लंडनच्या फ्रेमस्टोर स्टुडिओने फर इथेही झकास बनवली. पण डोळे आणि भुवया बिनधास्त कार्टूनसारख्या ठेवल्या. डफल कोट घातलेलं अस्वल लोकांमध्ये वावरतं आणि कुणालाच खटकत नाही. बजेट सुमारे ५.५ कोटी डॉलर. 'लायन किंग'चं सुमारे २५ कोटींच्या घरात. तुलना सरळ नाही, कारण पॅडिंग्टनमध्ये मुख्य डिजिटल प्राणी एकच. तरीही मुद्दा उरतोच: भाव दाखवायला पैशांपेक्षा आधी निर्णय लागतो.

हे आपल्याकडे कळायला हरकत नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारं 'जंगल बुक' हे साधं जपानी कार्टून होतं. हालचाली मोजक्या, फर नावालाही नाही. तरी नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान घराघरात पोरांना घाबरवायचा.

बिल कोण भरतं?

व्हीएफएक्सची कामं बहुतेक ठरलेल्या रकमेवर घेतली जातात. आयटीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल: फिक्स्ड प्राइस प्रोजेक्ट, आणि क्लायंट शेवटच्या आठवड्यापर्यंत बदल सांगतोय. "आयाळ अजून थोडी ओली दिसू दे" या एका वाक्याने पुन्हा सिम्युलेशन, पुन्हा रेंडर, पुन्हा रात्रपाळी. जादाचा खर्च बऱ्याचदा स्टुडिओच्या अंगावर येतो आणि तिकिटबारीच्या नफ्यात त्याचा वाटा सहसा नसतो.

हे आधीही घडलंय. 'बेब' (१९९५) मधल्या डुकराच्या पिल्लाला बोलतं करून ऑस्करमध्ये वाटेकरी झालेल्या रिदम अँड ह्यूज या कंपनीने 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ बनवला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या सिनेमाला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं.

एआयमुळे फर उद्या स्वस्त होईलही. पण शेरखानने भुवई उचलावी की नाही, हे ठरवणारा माणूस लागणारच. पुढच्या वेळी असा ट्रेलर आला की आयाळीकडे नंतर बघा. आधी आवाज बंद करा आणि प्राण्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतंय का बघा. ओळखता आलं, तर कुणीतरी योग्य जागी मेहनत घेतलीय.