पोरांच्या वाट्याची तूर



मळणी झाली की तुरीची पोती बाजाराला जातात, दूध दोन्ही वेळा डेअरीला जाते, अंडी आठवडी बाजारात विकली जातात. मग पोरगं अंग धरत नाही म्हणून त्याच बाजारातून प्रोटीन पावडरचा डबा घरी येतो. घरचे प्रथिन विकायचे आणि डब्यातले महागात आणायचे, हा व्यवहार एकदा कागदावर मांडून पाहू या.

हाडामांसाची वाढ करणे, जखम भरून काढणे, आजाराशी झुंजण्याचे बळ देणे ही प्रथिनांची कामे. ती रोज किती लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस अशी: ४ ते ६ वर्षांच्या मुलाला सुमारे १६ ग्रॅम, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला २३ ग्रॅम. १० ते १२ वर्षांच्या मुलाला ३२ ग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलीला ३३ ग्रॅम. म्हणजे या वयात मुलीची गरज मुलापेक्षा काकणभर जास्तच. ताट वाढताना एवढे ध्यानात असू द्या.

आता घरात काय आहे ते पाहा. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हरभऱ्याची डाळही त्याच तोडीची. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५, ज्वारीत १०, एका अंड्यात ६ ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलाने दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, ३० ग्रॅम डाळीचे वरण, २० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि दीडशे मिलिलिटर दूध घेतले, तर ३० ग्रॅमच्या वर प्रथिने पोटात गेली. गरज २३ ची!

मात्र नुसत्या भाकरी-ठेच्यावर भागत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे, ते धान्य भरून काढते. म्हणून भाकरीसोबत वरण, भातासोबत आमटी, खिचडीत मूग, ही जोडी मोडू नका. आणि पोरगं पोटभर जेवले पाहिजे. अर्धपोटी राहिले तर शरीर प्रथिनेच जाळते; चुलीत सागवान घालावे तसे ते होते.

माता-भगिनींसाठी चार गोष्टी:

१. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. त्यानंतर बाळाला डाळीचे वरचे पाणी देऊ नका; घट्ट वरण-भात मऊ कुस्करून द्या. सत्त्व खालच्या डाळीत असते.

२. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. बुरशी आलेले दाणे फेकून द्या, त्यांत विष असते.

३. सोयाबीन कच्चे कधीही देऊ नका. चांगले शिजवून किंवा भाजूनच वापरा.

४. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. वजन वाढत नसेल तर डबा न आणता डॉक्टर गाठा. जंत किंवा दुसरे दुखणे असू शकते.

डॉक्टरांनी आजारासाठी पावडर लिहून दिली तर ती जरूर द्या. एरवी डबा घेण्यापूर्वी पाठीवरचा तक्ता वाचा: १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती आणि साखर किती? साखर जास्त निघाली तर तो डबा कशासाठी घेतला? अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नये, असे याच पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

आता शेवटचा हिशेब. एका मुलासाठी रोज ५० ग्रॅम डाळ धरली, तरी वर्षाला सव्वाअठरा किलो होते. क्विंटलभर तुरीची घरच्या जात्यावर ६५ ते ७० किलो डाळ पडते असे धरा. म्हणजे मुलामागे २७-२८ किलो तूर पुरते; दोन मुलांना साधारण अर्धा क्विंटल.

पुढच्या पेरणीचे बियाणे आपण कितीही अडचण आली तरी विकत नाही. मळणी होताच आधी बियाणे बाजूला काढा, मग पोरांच्या वाट्याची तूर कणगीत भरा, आणि उरलेली पोती गाडीत चढवा.